जर्मन गोड वाइन कशी बनते: वेलीपासून पेल्यापर्यंत

जर्मन वाइनच्या बाटलीवर नुसतं ‘ट्रोकेन’ लिहिलेलं असेल तर आतली वाइन गोड नसते. पण त्याच शब्दाने सुरू होणारं ‘ट्रोकेनबेरेनआउसलेझे’ असं लांबलचक नाव दिसलं, तर ती त्या देशातली सर्वात गोड वाइन समजावी. ट्रोकेन म्हणजे कोरडं, सुकलेलं. पहिल्या बाटलीत वाइन कोरडी असते, दुसरीत द्राक्षाचे मणी सुकलेले असतात. दुकानात हा घोळ करून चुकीची बाटली घरी आणणारे खूप आहेत. मीही त्यातलाच एक.

तासगावकडे बेदाणा करणाऱ्याला यामागचं तत्त्व समजावून सांगायला नको. मण्यातलं पाणी गेलं की साखर घट्ट होते. तो घड तोडून शेडमधल्या जाळीवर पसरतो. जर्मन बागायतदार घड वेलीवरच राहू देतो आणि पाणी काढायचं काम एका बुरशीवर किंवा कडाक्याच्या थंडीवर सोपवतो. पुढे तळघरात, त्या रसाची वाइन होताना सगळी साखर अल्कोहोलमध्ये जाणार नाही याची काळजी घ्यायची असते. चांगल्या गोड वाइनमध्ये वरून साखर पडत नाही.

पायरी 1: वेल आणि जागा

या वाइनचं मुख्य द्राक्ष रीसलिंग. ते उशिरा पिकतं, थंडी सोसतं आणि पिकल्यावरही आंबटपणा सोडत नाही. आंबटपणाचं महत्त्व आधीच सांगून ठेवतो, कारण गोड वाइन म्हटलं की सगळं लक्ष साखरेकडेच जातं. लीटरमागे 200 ग्रॅम साखर म्हणजे कोलाच्या साधारण दुप्पट गोडी. आंबट नसेल तर ते नुसतं सरबत होईल, दुसरा घोट नको वाटेल. लिंबाशिवाय साखरेचा पाक कसा लागतो ते आठवा. शॉयरेबे, हुक्सेलरेबे, रीसलानर या जातींचीही सुरेख गोड वाइन बनते आणि ती रीसलिंगपेक्षा बरेचदा स्वस्त पडते.

जागा म्हणजे मोझेल आणि तिची उपनदी झार यांची खोरी, ऱ्हाइनगाऊ, नाहे, ऱ्हाइनहेसेन, फाल्त्स. हे सगळं उत्तर अक्षांश 50 च्या आसपास आहे. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकायचं तर ऊन वाया घालवून चालत नाही, म्हणून मोझेलवर बागा दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या उतारांवर आहेत. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट तर युरोपातल्या सर्वात चढाच्या बागांपैकी एक. तिथे ट्रॅक्टर चढत नाही. जमिनीवर पाटीच्या दगडाच्या काळ्या कपच्या पसरलेल्या असतात. त्या दिवसभर तापतात आणि रात्री ऊब परत देतात. खाली नदी असते, आणि शरद ऋतूतल्या सकाळी तिच्यावरून धुकं चढतं. या धुक्याचं काम पुढे येईल.

पायरी 2: साखर मोजा

आपल्याकडे द्राक्ष बागायतदार ब्रिक्समध्ये बोलतो, जर्मन बागायतदार ‘एक्सले’मध्ये. एकोणिसाव्या शतकात फोर्त्सहाइम गावच्या फर्डिनांड एक्सले यांनी ही पद्धत रूढ केली. हिशेब सोपा आहे: एक लीटर पाण्याचं वजन 1000 ग्रॅम. एक लीटर द्राक्षरस 1090 ग्रॅम भरला तर तो 90 अंश एक्सले. बागेत मात्र कुणी रस तोलत बसत नाही. खिशातला रिफ्रॅक्टोमीटर काढायचा, दोन-चार मणी चिरडून थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून पाहायचं. आपल्या सवयीच्या मापात 83 अंश म्हणजे सुमारे 20 ब्रिक्स, 120 म्हणजे 28 आणि 150 म्हणजे 34 च्या वर.

1971 च्या वाइन कायद्याने याच आकड्यांवरून वाइनचे दर्जे बांधले. किमान अंश विभाग आणि द्राक्षाची जात पाहून बदलतात:

काबिनेट: 67 ते 82
श्पेटलेझे, म्हणजे उशिरा खुडलेली: 76 ते 90
आउसलेझे, म्हणजे निवडक घडांची: 83 ते 100
बेरेनआउसलेझे, म्हणजे निवडक मण्यांची: 110 ते 128
आइसवाइन: बेरेनआउसलेझेइतकेच
ट्रोकेनबेरेनआउसलेझे, म्हणजे निवडक सुकलेल्या मण्यांची: 150 ते 154

हे आकडे ताज्या रसाचे आहेत, तयार वाइनचे नव्हेत. त्यामुळे श्पेटलेझे लिहिलेली वाइन गोड असेलच असं नाही. बागायतदाराने सगळी साखर आंबू दिली असेल तर ती कोरडी निघते. बेरेनआउसलेझे, आइसवाइन आणि ट्रोकेनबेरेनआउसलेझे हे सर्वात वरचे तीन दर्जे मात्र इतके साखरेने भरलेले असतात की त्यांची कोरडी वाइन होतच नाही. आणि या सहाही दर्जांमध्ये अल्कोहोल वाढवायला रसात साखर घालण्यास कायद्याने बंदी आहे.

पायरी 3: खुडणी लांबवा

ऱ्हाइनगाऊमधल्या श्लॉस योहानिसबेर्ग या इस्टेटीच्या अंगणात एका घोडेस्वाराचा पुतळा आहे. ही बाग तेव्हा फुल्डाच्या राजबिशपांची होती आणि त्यांच्या परवानगीशिवाय खुडणी सुरू करता येत नसे. 1775 साली परवानगी आणायला गेलेला स्वार फार उशिरा परतला. उशीर का झाला याबद्दल ज्याची त्याची वेगळी कथा आहे. तोवर द्राक्षं कुजायला लागली होती. तरीही ती खुडून वाइन केली, आणि पुढच्या वसंतात चाखल्यावर तळघरातली मंडळी चकित झाली. तेव्हापासून मुद्दाम उशिरा खुडण्याची रीत तिथे पडली.

प्रत्यक्षात खुडणी लांबवणं म्हणजे जुगार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लागला तर मणी तडकतात, पक्षी घडांवर उतरतात आणि रानडुकरं खालचे घड साफ करतात. म्हणून शहाणा बागायतदार सगळी बाग पणाला लावत नाही. बहुतेक माल वेळेवर खुडून त्याची साधी वाइन करतो, आणि चांगल्या उतारावरच्या थोड्या ओळी राखून ठेवतो. गेलंच तर तेवढंच जाईल.

पायरी 4: बुरशीला तिचं काम करू द्या

दमट हवा आणि धुकं दिसलं की नाशिकचा बागायतदार फवारणीचा पंप बाहेर काढतो. मोझेलवर ऑक्टोबरात हेच धुकं पाहून लोक खूश होतात. बोट्रायटिस सिनेरिया ही ती बुरशी. स्ट्रॉबेरीवर करडी लव येते ना, तीच. तिचे बारीक तंतू मण्याच्या सालीत सूक्ष्म छिद्रं पाडतात. दुपारी ऊन आणि वारा आला की त्या छिद्रांतून पाणी उडून जातं. मणी आधी जांभळट-तपकिरी होतो, मग सुरकुततो आणि शेवटी राखेत लोळवलेल्या मनुकेसारखा दिसतो. जर्मन भाषेत याला ‘एडेलफॉयले’ म्हणतात, म्हणजे खानदानी कुज.

ही कुज खानदानी ठरायला तीन अटी आहेत. मणी आधी पूर्ण पिकलेला हवा. सकाळी ओल हवी. आणि दुपार कोरडी हवी. तिसरी अट मोडली, म्हणजे पाऊस थांबलाच नाही, तर तीच बुरशी साधी करडी कुज होऊन घड वाया घालवते. साल फाटलेली असेल तर जिवाणू शिरतात आणि घडाला व्हिनेगरचा वास येतो. असा एक घड टोपलीत गेला तर सगळ्या रसाची चव बिघडवायला पुरेसा असतो. म्हणून खुडणारे डोळ्यांबरोबर नाकही वापरतात.

बुरशी नुसतं पाणी काढत नाही. ती मण्यातलं थोडं आम्ल आणि साखर स्वतः खाते, ग्लिसरॉल तयार करते आणि चव बदलून टाकते. जर्दाळूचा मुरंबा, मध, केशराची छटा, संत्र्याच्या सालीचा कडवटपणा हे सगळं तिचं देणं. नुसत्या वाळलेल्या द्राक्षात हे मिळत नाही.

पायरी 5: मणी वेचा

बुरशी सगळ्या बागेवर एकदम येत नाही. एकाच घडात तीन मणी सुकलेले, दहा अर्धवट आणि बाकी टणटणीत हिरवे-पिवळे असू शकतात. त्यामुळे त्याच ओळीतून पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. खुडणाऱ्याच्या बादलीला आतून एक लहान बादली अडकवलेली असते. सुकलेले मणी छोटीत, बाकीचा घड मोठीत. काही ठिकाणी घड आवारात आणून टेबलावर कात्रीच्या टोकाने मणी सुटे करतात. ट्रोकेनबेरेनआउसलेझेसाठी एका माणसाने दिवसभर वेचलेल्या मण्यांतून जेमतेम एखाद्या बाटलीपुरता रस निघतो असं तिकडे म्हणतात, आणि तो सुकलेला मणी एकदा हातात धरला की हे खरं वाटू लागतं. अशी वाइन इतकी महाग का, याचं उत्तर इथेच आहे. झारवरच्या एगॉन म्युलर यांच्या शार्त्सहोफबेर्गर बागेच्या या दर्जाच्या बाटल्या त्रियरच्या वार्षिक लिलावात हजारो युरोंना जातात.

दुसरी वाट: बुरशीऐवजी थंडी

आइसवाइनमध्ये बुरशी नकोच असते. इथे द्राक्ष निरोगी, घट्ट आणि स्वच्छ हवं. घडांवर जाळी किंवा प्लास्टिकचा कागद बांधायचा आणि थंडीची वाट पाहायची. कायदा सांगतो, उणे 7 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली मणी वेलीवरच गोठलेले हवेत आणि गोठलेलेच दाबले गेले पाहिजेत. हा मुहूर्त कधी नोव्हेंबरात येतो, कधी जानेवारी-फेब्रुवारीत, आणि जवळजवळ नेहमी पहाटे. मग हवामानाचे अंदाज बघत बसलेला बागायतदार रात्री फोन करून माणसं जमवतो. डोक्यावर दिवे लावून, बोटं बधिर होईस्तोवर खुडायचं आणि सूर्य वर यायच्या आत माल घाण्याशी पोचवायचा. मणी गोट्यांसारखे कडक असतात. दाब दिल्यावर बर्फ आत राहतो आणि घट्ट, अतिगोड रस थेंबथेंब खाली येतो. घाई केली तर रस निघत नाही; फार वेळ लावला तर बर्फ वितळून रस पातळ होतो.

खुडणी जानेवारीत झाली तरी बाटलीवर आदल्या वर्षाचं साल लिहितात, कारण द्राक्ष त्या हंगामाचं. जुनी नोंदही तशीच आहे: बिंगेनजवळच्या ड्रोमर्सहाइममध्ये 1829 चा माल इतका आंबट होता की तो गुरांना घालायला वेलीवरच सोडला होता. 11 फेब्रुवारी 1830 रोजी गोठलेली ती द्राक्षं काढली, तेव्हा रस भलताच गोड असल्याचं ध्यानात आलं. आता मात्र थंडीचा भरवसा उरलेला नाही. 2019 च्या हंगामात हिवाळा इतका उबदार गेला की जर्मनीच्या 13 विभागांपैकी कुठेच आइसवाइनची खुडणी झाली नाही. असं पहिल्यांदाच घडलं.

हे तत्त्व घरी पाहता येतं, आणि मुलांनाही दाखवता येईल. साखर न घातलेला द्राक्षाचा रस प्लास्टिकच्या बाटलीत पाऊण भरा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी झाकण काढून बाटली एका पेल्यावर उलटी ठेवा. आधी गळणारा पाव हिस्सा वेगळा काढा आणि चाखा. तो मूळ रसाहून कितीतरी गोड आणि आंबट लागेल. शेवटी बाटलीत उरलेला बर्फ जवळपास पाण्यासारखा. साखरेचा भाग आधी वितळतो, म्हणून हे घडतं. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर दोन्हींचे आकडे लिहून ठेवा. अर्थात अशा फ्रीजरमधल्या रसाच्या वाइनला जर्मनीत आइसवाइन म्हणता येत नाही. गोठणं वेलीवरच व्हायला हवं.

पायरी 6: रस काढणं

सुकलेल्या मण्यांतून रस काढणं जिकिरीचं. दाबलं तर चोथाच दबतो, रस येत नाही. म्हणून मणी कधी काही तास त्यांच्याच रसात भिजू देतात आणि मग हळूहळू दाब वाढवत जातात. काकवीसारखा तपकिरी, चिकट रस येतो. बुरशीने त्यात ग्लुकान नावाचा चिकट पदार्थ सोडलेला असतो, त्यामुळे तो गाळणं अवघड जातं. शिवाय बुरशीचंच एक विकर हवेशी संपर्क येताच रस काळपट करतं, म्हणून सल्फर डायऑक्साइडची मात्रा इथे साध्या वाइनपेक्षा जास्त लागते. ज्यांना सल्फाइटचा त्रास होतो त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पायरी 7: आंबवणं, आणि वेळेवर थांबणं

इथे यीस्टची खरी कसोटी असते. लीटरमागे साडेतीनशे ग्रॅम साखरेच्या रसात यीस्टच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. त्यात बुरशीने रसातला नायट्रोजन आणि थायमिन हे जीवनसत्त्व आधीच फस्त केलेलं असतं. उपाशी यीस्टला खाऊ द्यावा लागतो, आणि तरीही आंबवण महिनोन्महिने चालते. ताणाखाली यीस्ट अ‍ॅसिटिक आम्लही जास्त बनवतं. म्हणून या दर्जांसाठी कायद्यात त्याची मर्यादा सैल ठेवलेली आहे. उत्तम बाटलीतही अगदी किंचित नेलपॉलिशसारखा वास आला तर घाबरू नका.

गोडीचा हिशेब असा. एक टक्का अल्कोहोल तयार व्हायला लीटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर खर्च होते. रसात 350 ग्रॅम होती आणि वाइन 7 टक्क्यांवर थांबली, तर 120 ग्रॅमच्या आसपास गेली आणि 230 राहिली. यीस्ट आधी ग्लुकोज खातं, त्यामुळे उरलेल्यात फ्रुक्टोज जास्त असतं, आणि ते जिभेला अधिक गोड लागतं. वरच्या तीन दर्जांसाठी कायद्याला किमान 5.5 टक्के अल्कोहोल पुरतं.

ट्रोकेनबेरेनआउसलेझेमध्ये यीस्ट बहुधा स्वतःच हात टेकतं. श्पेटलेझे किंवा आउसलेझेमध्ये मात्र ते थांबवावं लागतं. टाकी थंड करून यीस्ट निजवायचं, वरची वाइन काढून घ्यायची, थोडं सल्फर द्यायचं आणि अगदी बारीक गाळणीतून गाळून बाटलीत भरायचं. एखादी जिवंत पेशी सुटली तर बाटलीत पुन्हा आंबवण सुरू होते आणि बूच उडतं.

एक सोपी वाटही आहे. वाइन कोरडी होऊ द्यायची आणि बाटली भरण्याआधी न आंबवलेला द्राक्षरस मिसळायचा. त्याला ‘झ्यूसरेझर्व’ म्हणतात. हे कायदेशीर आहे, पण एका पिढीला जर्मन वाइनबद्दल जो तिटकारा बसला त्याला लीबफ्राउमिल्खसारख्या अशाच स्वस्त, गुळचट बाटल्या कारण ठरल्या. त्यात 1985 साली ऑस्ट्रियातल्या काही व्यापाऱ्यांनी वाइन दाट आणि गोड भासावी म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचं उघड झालं. काही जर्मन बाटल्यांतही तो माल मिसळलेला सापडला, आणि बाजार बसला. आज चांगले उत्पादक लेबलावर जास्त माहिती देतात त्यामागे ही जुनी ठेच आहे.

लेबल कसं वाचायचं

सगळ्यात आधी अल्कोहोलचा आकडा बघा. माझ्या मते बाटलीवरची सर्वात प्रामाणिक माहिती तीच. 7 ते 9 टक्के असेल तर साखर शिल्लक आहे. 12 च्या पुढे असेल तर ती वाइन कोरडी धरून चाला, दर्जा कोणताही असो.

मग बागेचं नाव. ‘वेलेनेर झोनेनऊर’ म्हणजे वेलेन गावची झोनेनऊर ही बाग. झोनेनऊर म्हणजे सूर्यघड्याळ. 1842 मध्ये उभारलेलं ते घड्याळ बागेत अजून आहे. गावाच्या नावाला ‘एर’ जोडतात, आपण कोल्हापूरला ‘करी’ जोडून फेटा ओळखतो तसं. सोनेरी टोपण दिसलं तर उत्पादकाने त्याच दर्जातला जास्त निवडक माल त्यात भरला आहे असं समजतात. ही फक्त रीत आहे, कायदा नव्हे. ‘ए. पी.’ अशा अक्षरांपुढचा लांब क्रमांक सरकारी तपासणीचा असतो. त्यातले शेवटचे दोन अंक तपासणीचं वर्ष सांगतात. एकाच उत्पादकाच्या, एकाच नावाच्या दोन बाटल्या वेगळ्या लागल्या तर त्याआधीचे अंक ताडून पाहा. बहुधा भरणी वेगळी निघेल.

कोणती घ्यावी, कशी प्यावी

सुरुवात सर्वात महागड्या बाटलीने करू नका. मोझेलची 8 टक्क्यांच्या आसपासची रीसलिंग श्पेटलेझे घ्या. गोडी आणि आंबटपणाची रस्सीखेच तिच्यात स्वच्छ कळते. नंतर आउसलेझे. मग 375 मिलीलीटरची अर्धी बाटली बेरेनआउसलेझे किंवा आइसवाइनची. शक्य असेल तर शेवटच्या दोन्ही एकाच संध्याकाळी शेजारी ठेवा. आइसवाइन धारदार, फळाच्या रसासारखी स्वच्छ लागेल. बेरेनआउसलेझेमध्ये मध आणि मुरंबा असेल. थंडीचं काम आणि बुरशीचं काम यातला फरक चार घोटांत कळतो. फ्रँकफुर्टकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ऱ्यूडेसहाइम रेल्वेने तासाभराच्या थोडं पलीकडे आहे. तिथे थेट उत्पादकाकडे चाखून घेता येतं. भारतात आयात शुल्कामुळे भाव चढतो, त्यामुळे परदेशातून येणाऱ्याला बाटली आणायला सांगणं हाच बऱ्याच जणांचा मार्ग.

वाढताना 8 ते 10 अंशांवर थंड हवी. बर्फासारखी गार केली तर वास दबतो. लहान पेला, आणि माणशी 50-60 मिलीलीटर पुष्कळ झाले. मधुमेह असेल तर तेवढ्यातही साखर किती, हा वरचा हिशेब विसरू नका. सोबतचा पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड असावा. गुलाबजामबरोबर शंभर युरोंची वाइन आंबट पाणी वाटते, हे मी करून पाहिलं आहे. निळ्या बुरशीचं खारट चीज उत्तम. ते नसेल तर खारवलेले काजू किंवा जर्दाळू घालून केलेला फिकट केक.

बाटली आडवी, अंधारात, थंड जागी ठेवली तर चांगली बेरेनआउसलेझे कित्येक दशकं टिकते. रंग सोनेरीचा अंबरसारखा होतो, गोडी मागे सरल्यासारखी वाटते आणि जुन्या रीसलिंगमध्ये कधी पेट्रोलसारखा वास येतो. तो दोष नव्हे. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये आठवडा-दोन आठवडे सहज राहते, त्यामुळे एका बैठकीत संपवायची घाई नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती बरेचदा पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते.